पाण्यात सोडण्याआधी बासन सोडून बघा



कोकणातले एखादे जुने घर रिकामे होताना तुम्ही पाहिले आहे का? मुंबई-पुण्याहून भावंडे येतात. ओटीवर सतरंजी टाकून बसतात. माजघरातली, माळ्यावरची, परसातल्या खोपीतली एकेक वस्तू बाहेर निघते. हंडे, घंगाळे, ताम्हने, समया, लामणदिवे, अडकित्ते, पानाचे डबे, झोपाळ्याच्या पितळी कड्या, शिसवी फडताळ. कोणी म्हणते, हे मला आठवणीसाठी राहू दे. कोणी म्हणते, एवढे मोठे ब्लॉकमध्ये मावायचे कुठे? मग दापोलीहून जुने सामान घेणारा टेम्पो घेऊन येतो. ओटीवरच काटा लावतो. पितळ एका बाजूला, तांबे एका बाजूला, लाकूड नगावर. आजीने दिवाळीच्या पहाटे ज्या घंगाळातले पाणी आपल्या अंगावर घातले, त्याचे किती किलो भरले हे दोन मिनिटांत कळते.

तुमच्याकडे घाटावर वाडा असेल, विदर्भात माडी असेल. पण प्रसंग हाच असेल. या प्रसंगात माझ्या हातून एक चूक घडली. ती तुमच्या हातून घडू नये, एवढ्यासाठी हा लेख आहे.

मी हर्णेचा. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला, असे आमचे गाव. बंदराला लागूनच पाजपंढरी नावाची कोळी बांधवांची वस्ती आहे. वाटेवरच्या पाटीवर ‘पंढरी’ हे अक्षर दिसले की बाहेरगावचा वारकरी क्षणभर थांबतो. इतिहास म्हटला की गावातली माणसे पाहुण्याला सुवर्णदुर्गाकडे बोट दाखवतात. आंग्र्यांचे आरमार, 1755 साली इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांकडून घेतलेला आणि मग पेशव्यांच्या ताब्यात गेलेला किल्ला, हे सगळे खरेच आहे. पण आपल्या स्वतःच्या माळ्यावर काही इतिहास असेल, हे आमच्यापैकी कोणाच्या मनात आले नव्हते.

आत्याचे घर जांभ्या दगडाचे, कौलारू. आत्या गेल्यावर ते दोनअडीच वर्षे बंदच होते. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आले. दिवेआगर-श्रीवर्धनकडे ते किनाऱ्याला लागले, आणि आमच्या दापोली तालुक्यातल्या हर्णे, मुरुड, आंजर्ले, केळशी या गावांचीही त्याने दैना केली. नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. घरांची कौले उडाली. आत्याच्या घराचे अर्धे छप्पर गेले आणि माळा उघडा पडला. त्यावर मृगाचा पाऊस कोसळत राहिला.

परवाना काढून आम्ही तिघे भाऊ गावी पोचलो, तेव्हा जून संपत आला होता. गावात वीज नव्हती. मासेमारीची बंदी असल्याने होड्या वर ओढलेल्या होत्या. एरवी संध्याकाळी लिलावाच्या बोलीने गजबजणारे बंदर मुके होते. आणि ते वर्ष कोणते, हे वारकऱ्याला सांगायला नको. पायी वारी नव्हती. माउलींच्या आणि तुकोबारायांच्या पादुका एसटीने पंढरीला जायच्या होत्या. दरवर्षी दिंडीत असणारा माझा थोरला भाऊ त्या दिवसांत उगाचच चिडचिड करी. पाय घरात बसले की मनाला वाट सापडत नाही.

आम्ही ढीग लावले. ठेवायचे, विकायचे, टाकायचे. माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक निघाली आणि तिच्या मागे लाल खारव्याच्या फडक्यात बांधलेले एक बासन. भिजून जड झालेले, वाळवीने एका कोपऱ्यात शिरकाव केलेला. आत लांबट सुटी पाने, खालीवर लाकडी फळ्या. काळी शाई, मधूनमधून तांबड्या रेघा. पाने एकमेकांना चिकटली होती. वहिनी म्हणाल्या, “पोथी आहे. रद्दीत नको, कोणाच्या पायदळी नको.” दादा म्हणाला, “समुद्रात सोडून ये. जीर्ण पोथी पाण्यातच सोडतात.”

मी गेलो. एकादशीला दोन दिवस होते. पावसाळ्यातला समुद्र. लाटेने ते बासन परत आणून दिले. पुन्हा सोडले, पुन्हा परत आले. तेव्हा मी खडकावर उभा राहून त्याला एक दगड बांधला आणि जोर करून लांब टाकले. फडके सुटले होते, वरचे पान दिसत होते. खाली ‘शके’ असे अक्षर दिसले, पुढे काही आकडे आणि एक ओळ. ती मी वाचली नाही. पाऊस होता, कपडे भिजले होते, घरी जायची घाई होती. हात जोडले आणि परतलो. धर्मकार्य झाले असेच मनाला वाटत होते.

दिवाळीनंतर सामान घेणारा आला. त्याने पितळ तोलले, फडताळ उचलले, पैसे मोजले आणि जाता जाता विचारले, “दादा, हाताने लिहिलेली जुनी पोथीबिथी आहे का? चित्रं असतील तर पानागणिक भाव मिळतो.” आम्ही एकमेकांकडे पाहिले. पोथीच्या नावाने हात जोडणारे आम्ही ती दगड बांधून बुडवून आलो, आणि तिची किंमत विचारत होता तो जुना बाजार करणारा. त्याचा भाव पैशाचा होता, हे खरे. चित्रांची पाने सुटी सुटी विकणे म्हणजेही पोथीचा शेवटच. पण उघडून बघण्याइतकी तिची दखल तरी तो घेणार होता.

पुढे कार्तिकीला पंढरपूरच्या मुक्कामात एका वृद्ध कीर्तनकार बुवांना मी हे सांगितले. ते रागावले नाहीत. फक्त विचारले, “अरे, शेवटचं पान वाचलंस का रे?” मी नाही म्हणालो. बराच वेळ ते माळ ओढत बसले. मग म्हणाले, “आपला सगळा संप्रदाय कोणीतरी शेवटचं पान वाचलं म्हणून टिकलाय.”

त्या वाक्याचा अर्थ लावण्यात माझी पुढची वर्षे गेली. जे समजले ते तुमच्यापुढे ठेवतो.

माउलींनी नेवाशाला शके 1212 म्हणजे 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. बाळशास्त्री जांभेकरांनी 1845 साली ती पहिल्यांदा शिळाछापावर छापली. मधली वर्षे मोजा. साडेपाचशेहून अधिक भरतात. एवढा काळ हा ग्रंथ कोणाच्या ना कोणाच्या हाताने, बोरूने, एकेक ओवी उतरवून घेत पुढे आला. जुन्नरी किंवा दौलताबादी कागद, काजळाची शाई, रेघांना हिंगूळ. अक्षर चुकले तर त्यावर पिवळा हरताळ लावून पुन्हा लिहायचे. ‘हरताळ फासणे’ हे आपण आज सहज बोलतो, ते या लेखकूंच्या बैठकीवरून आले आहे. आणि लिहून संपले की शेवटच्या पानावर लिहिणारा नोंद करी: शक, संवत्सर, महिना, तिथी, गाव, कोणासाठी लिहिले, कोणी लिहिले. पुष्कळ जण अक्षर चुकले असल्यास क्षमा मागत, आणि पोथीला तेलापासून, पाण्यापासून जपा अशी वाचणाऱ्याला विनंती करत. या नोंदीला पुष्पिका म्हणतात. पोथीचा जन्मदाखलाच तो. मी न वाचलेली ओळ बहुधा तीच होती.

हाताने उतरवताना पाठ बदलतात. कोणाची ओवी गळते, कोणी स्वतःची घुसवतो. माउलींनंतर तीनशे वर्षांनी हे फार झाले होते. तेव्हा नाथमहाराजांनी पैठणला ज्ञानेश्वरीच्या प्रती एकमेकींशी ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ते काम पुरे केले. हे आपल्याला कसे कळते? ग्रंथाच्या शेवटी नाथांनी स्वतः तशी नोंद केली म्हणून. आपण ज्ञानेश्वरी जयंती भाद्रपदात कपिलाषष्ठीला करतो, ती तिथीही त्याच नोंदीतली. पुढच्यांनी या ग्रंथात आपली ओवी घालू नये, असेही त्यांनी तिथे बजावले. विचार करा, नाथांच्या काळी कोणी भाविकाने जुनी प्रत जीर्ण झाली म्हणून गोदावरीत सोडून दिली असती, तर नाथांनी ताडून काय पाहिले असते? प्रत जितकी जुनी, जितकी फाटकी, तितकी मूळ शब्दाच्या जवळची असण्याचा संभव जास्त. आपण मात्र फाटकी म्हणूनच टाकतो.

आता तुकोबारायांकडे येऊ. इंद्रायणीत वह्या बुडवल्या गेल्याची आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्याची कथा आपण कीर्तनात डोळ्यांत पाणी आणून ऐकतो. पण तुकोबांनी इंद्रायणीत आणखी एक कागद बुडवला होता, आणि तो स्वतःच्या हाताने. घराण्याची सावकारी होती. लोकांकडून यायच्या पैशांची खते घरात होती. त्यांची वाटणी करून अर्धी त्यांनी धाकट्या भावाला, कान्होबांना दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. ती खते पुन्हा वर यावीत अशी तुकोबांची इच्छा नव्हती, आणि ती आली नाहीत. वह्या बुडवल्या तेव्हा मात्र ते धरणे धरून बसले.

एकाच नदीत एकाच माणसाचे दोन प्रकारचे कागद गेले. ज्यावर दुसऱ्याकडून घेणे लिहिले होते, तो कागद त्यांनी हसत सोडला. ज्यावर नाम लिहिले होते, त्यासाठी अन्नपाणी सोडले.

माउली, आत्याच्या घरी आम्ही तिघांनी काय केले ते आता आठवा. सातबाराचे उतारे, फेरफार, घरपट्टीच्या पावत्या, जुने खरेदीखत हे सगळे ट्रंकेतून निघाले. तेही ओले होते. ते आम्ही इस्त्री लावून वाळवले, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले आणि दादा ते मुंबईला घेऊन गेला. कोणाच्या वाट्याला काय, यावरून तीन दिवस घरात बोलणे तुटले होते. आणि नामाचा कागद आम्ही दगड बांधून समुद्रात टाकला. तुकोबांनी जे केले त्याच्या नेमके उलट. रामेश्वरभट्टांना आपण कीर्तनात दोष देतो. त्यांना पश्चात्ताप झाला आणि ते तुकोबांचे झाले. मला कोणी बुडवायला सांगितले नव्हते, कोणाचा द्वेषही नव्हता. मी भक्तीने बुडवले. म्हणूनच ते कळायला उशीर लागला.

गाथा तरली ती कथेत जशी, तशीच माणसांच्या घरांतही तरली. संताजी जगनाडे, कडूसचे गंगाधरपंत मवाळ यांच्यासारख्या टाळकऱ्यांनी अभंग लिहून ठेवले होते. त्यांच्या आणि इतरांच्या घरी, फडांवर, देवघरांत त्या वह्या दोनशे वर्षांहून अधिक काळ राहिल्या. पुढे मुंबई सरकारने चोवीस हजार रुपयांचे साहाय्य दिले आणि विष्णुशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी 1869 ते 1873 या काळात दोन भागांत गाथा छापली. त्यासाठी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या हस्तलिखित प्रती मिळवून ताडल्या गेल्या. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी ठाण्याचे वि. ल. भावे यांनी संताजींच्या वंशजांकडच्या वह्यांवरून वेगळी गाथा प्रसिद्ध केली. म्हणजे विसावे शतक उजाडल्यावरही नात्यातल्या एका घरात, एका फडक्यात, तुकोबांचे शब्द वाट पाहत होते. त्या घरातल्या एखाद्या सुनेने ‘वाळवी लागलीय, सोडा पाण्यात’ म्हटले असते तर?

अशी घरे धुंडाळणारा एक माणूस महाराष्ट्रात होऊन गेला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. वाईला एका वाड्यात जुन्या कागदांचा साठा असल्याचे त्यांना कळले. त्या कागदांतून 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला आणि पुढे बावीस खंड झाले. अंगावर साधे कपडे, हाताने रांधलेले जेवण, आणि गावोगाव पायपीट. कोणाच्या घरी दप्तर आहे, कोणाच्या मठात पोथ्या आहेत, हे विचारत ते फिरले. काही ठिकाणी आदर मिळाला, काही ठिकाणी दार बंद झाले. वाळवी, पाऊस आणि मालकाची बेपर्वाई यांच्याशी त्यांची शर्यत होती. बीडजवळच्या पाटांगण इथे मिळालेल्या जुन्या प्रतीवरून त्यांनी 1909 साली ज्ञानेश्वरी छापली. नाथांच्या आधीचा पाठ म्हणून ती अभ्यासकांत गाजली. तिच्यावर वाद झाले, होऊ देत. पण ज्ञानेश्वरीचे जुने मराठी कसे होते, यावर अभ्यास करायला एक प्रत हाती आली, ती कोणीतरी बासन सोडून पाहिले म्हणून. 1910 मध्ये पुण्यात त्यांच्या पुढाकाराने भारत इतिहास संशोधक मंडळ सुरू झाले. 1926 साली ते गेल्यावर त्यांच्या नावाने धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. धुळ्यातच शंकरराव देव यांनी मठामठांतून जमवलेली रामदासी हस्तलिखिते श्री समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत.

तुम्ही म्हणाल, पोथीचे ठीक आहे. पण हंड्या-घंगाळांत काय इतिहास? त्याचेही उत्तर पुण्यात आहे. दिनकर केळकर नावाचे एक कवी होते. ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहीत. 1920 च्या सुमारापासून त्यांनी जुन्या घरांतल्या साध्या वस्तू जमवायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, कुलपे, दौती, दारे, भांडी, वाद्ये. लोक भंगारात काढत, ते घरी आणत. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्या बापाने आपल्या संग्रहाला मुलाचे नाव दिले. आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांच्या आसपास वस्तू आहेत. तिथले दिव्यांचे दालन एकदा बघा. आपल्या देवघरातल्यासारखाच एखादा लामणदिवा तिथे काचेमागे दिसतो. काट्यावर त्याचे वजन भरले असते. त्या माणसाने तो कोणी घडवला, कोणासमोर लावला, हे पाहिले. पोटचा पोर गेल्यावर परक्यांच्या घरातले दिवे जपणारा माणूस हा मला एक प्रकारचा साधकच वाटतो.

इथे कोणी विचारील, आपण वारकरी, गळ्यात तुळशीची माळ. जुन्या वस्तूंत जीव अडकवणे हे आपल्याला शोभते का? प्रश्न रास्त आहे. मी स्वतःला तो अनेकदा विचारला. आत्याचे घंगाळ गेले, त्याचे मला दुःख नाही. ज्याच्या घरी गेले असेल तिथे त्यात फुलझाड लावलेले असेल, तरी चालेल. हव्यास वेगळा आणि ठेव सांभाळणे वेगळे. जी वस्तू माझी आहे, ती सोडावी. जी माझ्याकडे फक्त ठेवायला दिली आहे, ती सोडण्याचा मला अधिकार नाही. पोथी लिहिणाऱ्याने ती वाचणाऱ्यासाठी लिहिली होती. मी मधला हमाल. हमालाने ओझे वाटेत टाकून द्यायचे नसते.

आमच्या कोकणात ही ठेव टिकणे मुळातच अवघड. दापोलीकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तरी शंभर-दीडशे वर्षांच्या पोथ्या माळ्यावर राहिल्या कशा? घरच्या जुन्या बायका सांगतात, माळा चुलीच्या वर असे. चुलीचा धूर आणि ऊब वर जाई, त्याने दमट धरत नसे, किडा लागत नसे. फडक्यात वेखंडाचे तुकडे, कडुलिंबाचा पाला ठेवत. पुढे घरात गॅस आला, बायकांच्या डोळ्यांतले पाणी थांबले, ते चांगलेच झाले. पण माळ्यावरचा धूर गेला आणि तिथे कोणी चढेनासे झाले. मग माणसेच मुंबईला गेली. शेवटची चूल विझली तेव्हाच त्या पोथीला ओल लागायला सुरुवात झाली होती. वादळ नंतर आले.

म्हणून माउली, तुमच्याकडे असा प्रसंग आला तर एवढे करा.

काट्यावर काही चढण्याआधी माळा, देवघर, फडताळाचा खालचा कप्पा आणि आजीची पेटी स्वतः पाहा. बासन दिसले तर ते सावकाश सोडा. ओले असेल तर उन्हात घालू नका, सावलीत वारा लागेल असे ठेवा. चिकटलेली पाने ओढून सुटी करू नका. चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका. पहिले आणि शेवटचे पान चांगल्या उजेडात मोबाइलवर टिपा. शक, गाव, नाव दिसते का बघा. अक्षर मोडी असेल आणि वाचता येत नसेल तर जाणकाराला दाखवा. आणि एका साध्या कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवा की ही पोथी कोणत्या गावी, कोणाच्या घरी, कुठे मिळाली. पोथी कुठली हेच कळेनासे झाले की तिचे निम्मे मोल जाते.

बहुतेक वेळा निघेल ते छापील असेल. शिवलीलामृत, हरिविजय, पांडवप्रताप. निराश होऊ नका. आतल्या कोऱ्या पानावर कोणाचा जन्म, कोणाची वारी, कोणत्या वर्षी पारायण झाले, अशा नोंदी असतात. तेवढे पान टिपून ठेवा. हस्तलिखित निघाले तर ते दान केलेच पाहिजे असे नाही. घरी सांभाळता येत असेल तर देवघरात ठेवा, वाचा. येत नसेल तर वर सांगितल्यासारख्या संस्थेकडे द्या. हस्तलिखितांची नोंद व जतन यांसाठी केंद्र सरकारने 2003 साली राष्ट्रीय पातळीवर मोहीमही सुरू केली. विकण्याचा मोह झाला तर कायदा लक्षात ठेवा. 1972 च्या पुरावस्तूंविषयीच्या केंद्रीय कायद्यानुसार महत्त्वाचे हस्तलिखित पंचाहत्तर वर्षांचे झाले की, आणि इतर वस्तू शंभर वर्षांच्या झाल्या की, त्या पुरावस्तू ठरू शकतात. खाजगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत, आणि त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही.

शेवटी एक सांगतो. गेल्या वर्षी आमच्या मावशीचे घर आवरायचे होते. तेही आमच्याच भागात. मावसभावांना मी आधीच सांगून ठेवले होते, टेम्पो बोलावण्याआधी मला बोलवा. त्यांनी हसत हसत बोलावले. दोन दिवस माळ्यावर, पडवीत, गोठ्यात शोधले. मोठा खजिना काही निघाला नाही. एका डब्यात, सुपारीच्या तुकड्यांबरोबर, एक शिवलेली चोपडी मिळाली. मावशीच्या सासूची. अक्षर शिकाऊ, वेलांट्या चुकलेल्या. हरिपाठ उतरवलेला, खाली भजनात म्हणायच्या अभंगांची यादी, आणि मागे वारीचा हिशोब. आपल्याकडे आषाढात लावणी असते, म्हणून कोकणातला वारकरी बहुधा कार्तिकी-माघीला जातो. तिच्या नोंदीही माघीच्याच होत्या. बरोबर किती माणसे, तांदूळ किती, कोण आजारी पडले.

या वेळी मी शेवटचे पान वाचले. तिथे शक नव्हता, नाव नव्हते. एवढेच लिहिले होते की यंदा जाणे झाले नाही, म्हणून घरीच बसून हे लिहून काढले.

मला 2020 ची आषाढी आठवली. ओसाड बंदर, घरात बसलेले पाय, आणि दगड बांधून टाकलेले ते बासन. ज्या वर्षी वारी घडली नाही, त्या वर्षी त्या बाईने हरिपाठ उतरवला. मी त्याच अवस्थेत लिहिलेले बुडवून आलो. आत्याच्या पोथीत काय होते, ते आता पांडुरंगालाच ठाऊक. मावशीच्या सासूची चोपडी मात्र आमच्या देवघरात आहे. नातीने त्यातला हरिपाठ वाचायला घेतला आहे. चुकलेल्या वेलांट्यांसकट वाचते. मी दुरुस्त करत नाही.

तुमच्या घराच्या माळ्यावर या दिवाळीत एकदा चढा.

राम कृष्ण हरी.